बारा मीटरची टॉर्पेडो बोट: आधी वजनाचा कागद, मग तळाच्या रेषा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. साल १९०८, तुमच्या खेळासाठी कल्पिलेलं एक आरमार, आणि क्रूझरच्या डेव्हिटांना, म्हणजे बोटी उचलायच्या यारीच्या हातांना, टांगून नेता येईल अशी १२ मीटरची टॉर्पेडो बोट. कोळशावर चालणारं वाफेचं इंजिन, पुढच्या बाजूला दोन ट्यूबा, त्यात १८ इंची दोन टॉर्पेडो, वर एक हलकी तोफ, आणि वेग ३० नॉट, म्हणजे ताशी ३० सागरी मैल. अशा बोटीची रुंदी किती धरावी आणि तळाचा आकार कसा काढावा, हे तुम्हाला हवंय.

रुंदी आणि तळ यांच्याकडे येतोच, पण ते शेवटी ठरतं. मी आयुष्यभर लहान आणि वेगवान बोटींचं डिझाइन केलं आहे, बहुतेक गस्तीच्या बोटी. जुन्या टॉर्पेडो बोटींचे आराखडे हा त्याच कामातून जडलेला छंद. या जातीच्या बोटीत आकार हा दुसरा प्रश्न असतो. पहिला प्रश्न असा: ही बोट उचलणार कशाने, आणि त्या यारीला पेलेल तेवढ्या वजनातून टॉर्पेडो वजा केला की इंजिनासाठी काय उरतं? तुम्ही मागितलेल्या गोष्टी एकेकट्या घेतल्या तर १९०८ साली त्यातली प्रत्येक शक्य होती, अगदी ३० नॉटसुद्धा. एकाच १२ मीटरच्या बोटीत त्या सगळ्या एकत्र मावत नाहीत, आणि का मावत नाहीत हे कळलं की काय सोडायचं ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

तीन गोष्टींवर उत्तर बदलतं, त्या आधी सांगतो. एक म्हणजे साल. १९०८ आणि १९१६ यांत आठच वर्षांचं अंतर आहे, पण लहान बोटीच्या इंजिनाच्या दृष्टीने ती दोन वेगळी युगं आहेत. दुसरं, नेणारं जहाज: खास बोटी वाहणारं मोठं जहाज असेल तर बारा-पंधरा टनांची बोट चालते, हलक्या क्रूझरवर चार-पाच टनांपुढे गाडी सरकत नाही. तिसरं म्हणजे पाणी. ॲड्रियाटिकच्या बेटांआडून निघायचं असेल तर वेगळी बोट, उत्तर समुद्रात वेगळी. तुम्ही समुद्र सांगितलेला नाही, म्हणून मी बऱ्यापैकी शांत रात्र धरून चालतो. खरं तर या बोटी तशाच रात्री वापरल्या गेल्या.

आता वाफ. लंडनजवळ चिझिकला जॉन थॉर्निक्रॉफ्ट यांच्या यार्डात १८७३ साली नॉर्वेसाठी 'राप' नावाची बोट बांधली गेली, वेग साधारण १५ नॉट. मग १८७६ ची ब्रिटिश 'लाइटनिंग': लांबी ८७ फूट, म्हणजे साडेसव्वीस मीटर, वजन साडेबत्तीस टन, वेग साडेअठरा नॉट. यानंतर जहाजावर टांगून नेण्याच्या 'सेकंड क्लास' बोटी आल्या. लांबी १८ मीटरच्या आसपास, वजन बारा-तेरा टन, वेग सोळा-सतरा नॉट. ब्रिटिश नौदलाचं 'व्हल्कन' हे जहाज अशा सहा बोटी घेऊन फिरायचं. आपल्याकडचा एक धागाही यात आहे. त्याच शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानच्या सागरी सेवेसाठी इंग्लंडात मोठ्या आकाराच्या टॉर्पेडो बोटी बांधून घेतल्या होत्या, त्यांना इथल्या जमातींची आणि लढवय्या गटांची नावं दिली होती, आणि त्यातल्या एकीचं नाव 'मराठा' होतं.

वाफेच्या लहान बोटी सतरा नॉटच्या आसपास अडकल्या त्याचं कारण तळाचा आकार नव्हे. कारण आहे एका अश्वशक्तीमागे पडणारं वजन. बॉयलर, त्यातलं पाणी, कंडेन्सर, पंप, चिमणी, कोळसा ठेवायची जागा हे सगळं मोजलं तर त्या काळच्या टॉर्पेडो बोटीत एका अश्वशक्तीला साधारण वीस-बावीस किलो लागतात. वाफेत हलकेपणाची हद्द कुठवर गेली ते पाहायचं असेल तर चार्ल्स पार्सन्स यांची वाफेच्या टर्बाइनवर चालणारी 'टर्बिनिया' घ्या. १८९७ साली स्पिटहेडच्या संचलनात तिने चौतीस नॉटच्या वेगाने सगळ्या आरमारासमोर धावून दाखवलं. लांबी साडेएकतीस मीटर, वजन साडेचव्वेचाळीस टन, अश्वशक्ती दोन हजारांच्या वर, आणि जवळजवळ निम्मं वजन यंत्रसामग्रीचं. म्हणजे अश्वशक्तीमागे दहा-अकरा किलो. ही हद्दसुद्धा मोठ्या बोटीतली. बॉयलर लहान केला की त्याचं वजन त्या प्रमाणात उतरत नाही. भट्टीची दारं, नळ्या, झडपा, फायरमनला उभं राहायची जागा या गोष्टी निम्म्या होत नाहीत.

आता तुमच्या बोटीला हेच माप लावू. हिशेबाला पाच टन वजन घेऊ. त्यातल्या यंत्रांना फार तर दीड टन मिळेल. वीस किलोच्या दराने पंचाहत्तर अश्वशक्ती हातात येतात. एवढ्यावर १२ मीटरची बोट दहा, फार तर बारा नॉट चालेल. ३० नॉटला किती लागते ते पुढे काढतो, पण आकडा अडीचशेच्या घरात जातो. त्याच दराने अडीचशे अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन म्हणजे पाच टन. बोटीचं सगळं वजन इंजिनातच संपलं. टॉर्पेडो नाही, माणसं नाहीत, फळ्यासुद्धा नाहीत.

म्हणून ज्यांनी ही बोट प्रत्यक्षात उतरवली त्यांचा रस्ता बघा. १९१५ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या हार्विच दलातल्या तीन तरुण लेफ्टनंटांनी, हॅम्पडेन, ब्रेम्नर आणि ॲन्सन यांनी, एक कल्पना मांडली. जर्मन सुरुंगांच्या पट्ट्यावरून सरकून जाईल इतकी उथळ आणि वेगवान बोट, एक टॉर्पेडो घेऊन. ॲडमिरल्टीने, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या मुख्यालयाने, अट घातली ती यारीची. हलक्या क्रूझरच्या डेव्हिटांवर ३० फुटी मोटरबोट टांगलेली असायची. तिच्या जागी ही बोट बसली पाहिजे, म्हणजे टॉर्पेडोसकट वजन सव्वाचार टनांच्या आत, आणि वेग किमान ३० नॉट. थॉर्निक्रॉफ्टने ते काम घेतलं, जानेवारी १९१६ मध्ये बारा बोटींची मागणी नोंदली गेली, आणि ४० फुटी 'कोस्टल मोटर बोट', थोडक्यात सीएमबी, जन्माला आली. तुमच्या बोटीची खरी जुळी बहीण हीच. लांबी १२.२ मीटर, रुंदी सुमारे २.६ मीटर, पाण्याखालची खोली जेमतेम मीटरभर.

त्यांच्या जागी मी असतो तर वजनाचा कागद असा मांडला असता. सव्वाचार ब्रिटिश टन म्हणजे ४,३०० किलो. १८ इंची टॉर्पेडो साधारण ७०० किलो. तो सोडण्याची यंत्रणा १५०. पेट्रोल इंजिन, शाफ्ट, पंखा (प्रोपेलर), टाक्या मिळून १,०००. इथे मी अश्वशक्तीमागे चार किलो धरतोय. इंधन ताशी ७५ किलोच्या आसपास, चार तासांचे ३००. तीन माणसं, त्यांचे ओले कपडे आणि बूट यांच्यासह २५०. लुईस मशीनगन, काडतुसं, होकायंत्र, दोर, नांगर मिळून १००. बेरीज २,५००. उरले १,८०० किलो, आणि एवढ्यात १२ मीटरची लाकडी बोट बांधायची. जमतं, पण फळीची जाडी मिलीमीटरमध्ये मोजून. अशा बोटीचा तळ, बाजू आणि डेक मिळून सत्तरएक चौरस मीटर पृष्ठभाग होतो. दहा मिलीमीटर महोगनीचे त्यावर चारशे किलो होतात. बरगड्या, लांबीचे पट्टे, इंजिनाखालचा पाया, तांब्याचे रिव्हेट धरले की अकराशे-बाराशेवर जातं. बाकीचं राखीव ठेवायचं.

राखीव ठेवायचंच, यावर माझ्याकडून सूट नाही. मी काम केलेल्या यार्डात नवी हलकी बोट बांधायला घेतली की आत येणारी प्रत्येक वस्तू आधी काट्यावर चढायची: पंप, केबलचं भेंडोळं, रंगाचे डबे, खिळ्यांची पेटी. डबा रिकामा झाला की रिकामा डबाही परत काट्यावर, कारण बोटीवर किती रंग बसला हे त्याशिवाय कळत नाही. एवढं करूनही उतरवण्याच्या दिवशी बोट कागदापेक्षा जड भरते. लाकडी बोट तर पाण्यात राहिली की पाणी पिते आणि महिन्याभरात आणखी जड होते. ४० फुटी बोटींचंही तेच झालं. अट सव्वाचार टनांची होती, आणि कामावरच्या बोटी सज्ज अवस्थेत पाच टनांच्या समजल्या जातात. तुमच्या आराखड्यात राखीव वजनाची ओळ नसेल तर ती आजच घाला.

आता वेगाचं गणित. १२ मीटरची बोट पाणी कापत जात असेल तर आठ-नऊ नॉटनंतर ती स्वतःच्याच लाटेवर चढायला लागते. त्यापुढे इंजिनाची ताकद लाटा उठवण्यातच खर्च होते. ३० नॉट हवे असतील तर बोटीने पाण्याच्या वर उचलून धावलं पाहिजे. तळ्याकाठी चपट्या दगडाने भाकऱ्या काढतो, तेव्हा दगड पाण्यावर का टिकतो? तेच इथे. त्यासाठी तळ सपाटसर लागतो, आणि तळाला मध्यावर एक आडवी पायरी दिली की बोट दोन लहान पृष्ठांवर तोलून धावते, मधला तळ कोरडा राहतो आणि घर्षण उतरतं. पायरीच्या तळाला ३३ नॉटला मी विरोध वजनाच्या साडेसाताव्या हिश्श्याइतका धरतो. पाच टनांना ६६७ किलो. ३३ नॉट म्हणजे सेकंदाला १७ मीटर. ६६७ गुणिले १७, भागिले ७५, झाले १५१ अश्वशक्ती. पंखा आणि शाफ्ट मिळून यातले साठ टक्केच कामाला येतात असं धरलं की इंजिन २५० अश्वशक्तीचं लागतं. ४० फुटी बोटीत साधारण तेवढंच इंजिन होतं, आणि तिचा वेग तेहेतीस ते पस्तीस नॉट भरत होता. हिशेब आणि बोट एकमेकांना धरून आहेत, म्हणून हे प्रमाण तुम्ही बिनधास्त वापरा.

पायरीची कल्पना १९१६ ची नाही, हे मला या सगळ्या प्रकरणात फार भावतं. १८७२ मध्ये रॅमस नावाच्या एका इंग्रज पाद्र्याने ती ॲडमिरल्टीकडे पाठवली होती. जहाजांच्या नमुन्यांवर प्रयोग करणारे अभियंते विल्यम फ्रूड यांनी टॉर्कीच्या आपल्या पाण्याच्या टाकीत नमुना ओढून पाहिला. पाण्याबाहेर उचलली जायला जेवढी ताकद लागेल तेवढी त्या वजनात देणारं इंजिन त्या काळी जगात कुठेच नव्हतं, म्हणून कल्पना बाजूला पडली. थॉर्निक्रॉफ्टने १९१० मध्ये 'मिरांडा ४' ही २६ फुटी पायरीची बोट पेट्रोल इंजिनावर पस्तीस नॉटपर्यंत पळवली आणि पाच वर्षांनी नौदलाची बोट तिच्यावरूनच बेतली. तळ चाळीस वर्षं इंजिनाची वाट बघत होता. तुम्ही आकारापासून सुरुवात करू नका असं मी म्हणतो ते यासाठी.

आता सगळ्यात रंजक भाग: टॉर्पेडो बोटीतून बाहेर कसा पडणार? तुम्ही पुढच्या दोन ट्यूबा काढल्या आहेत. वाफेच्या सतरा नॉटच्या बोटीत ते चाललं असतं, 'लाइटनिंग'लाही नंतर पुढे ट्यूब बसवली होती. पण उचलून धावणाऱ्या बोटीचं नाक चार-पाच अंश वर असतं. ट्यूबेतून सुटलेला पाच मीटर लांबीचा टॉर्पेडो हवेतून जाऊन पोटावर आपटेल, मग खोल बुडी मारेल, मग वर येऊन आपली खोली पकडेल. तेवढ्या वेळात तेहेतीस नॉटने धावणारी तुमचीच बोट त्याच्यावर येईल. त्यात दीड टन वजन नाकात, तेही उंचावर. बोट उचलणारच नाही.

दुसरी रीत म्हणजे बाजूला टांगून पाण्यात सोडणं. ही सगळ्यात जुनी आणि साधी. जानेवारी १८७८ मध्ये बातुमच्या बंदरात रशियाच्या मकारोव्हच्या वाफेच्या लाँचांनी तुर्की 'इंतिबाह' बुडवली. व्हाइटहेड टॉर्पेडोने, म्हणजे स्वतःच्या इंजिनाने धावणाऱ्या टॉर्पेडोने, जहाज बुडाल्याची पहिली घटना म्हणून ती नोंदली जाते, आणि तिथे वापरलेल्या लाँच 'कॉन्स्टंटिन' या जहाजाने उचलून आणलेल्या होत्या. एप्रिल १९१५ मध्ये दार्दानेल्सला अडकलेली आपलीच ई-१५ पाणबुडी शत्रूच्या हाती पडू नये म्हणून ब्रिटिशांनी 'ट्रायम्फ' आणि 'मॅजेस्टिक' या युद्धनौकांच्या दोन वाफेच्या लाँच पाठवल्या. दोन्ही बाजूंना १४ इंची टॉर्पेडो टांगलेले. बाकी सगळे उपाय थकल्यावर त्यांनी ते काम फत्ते केलं. पण ही रीत बोट मंद असताना चालते. आणि हिशेब करून बघा: १८ इंची दोन टॉर्पेडोंपैकी एक सुटला की ७०० किलो मध्यरेषेपासून सव्वा मीटरवरून एका झटक्यात गेले. सोळा टनांची बोट चार-साडेचार अंश कलते. पाच टनांची बोट पंधरा-सोळा अंश कलते, आणि दुसऱ्या टॉर्पेडोचा नेम कुठच्या कुठे जातो.

तिसरी रीत थॉर्निक्रॉफ्टची. टॉर्पेडो बोटीच्या मागच्या भागात उघड्या पन्हळीत ठेवला, तोंड पुढे, शेपूट मागे. त्याच्या नाकाला घंटेच्या आकाराचं टोपण असलेला एक लांब दांडा लावला. कॉर्डाइट या स्फोटक दारूचं काडतूस उडालं की दांडा टॉर्पेडोला मागे ढकलतो. टॉर्पेडो शेपटीकडून पाण्यात पडतो, जाता जाता त्याचं इंजिन सुरू झालेलं असतं, आणि तो बोटीच्याच रेषेत पुढे धावू लागतो. आता बोटीच्या मागे शत्रूकडे निघालेला स्वतःचा टॉर्पेडो आहे, आणि तो बोटीपेक्षा वेगवान आहे. खलाशाने काही सेकंदांत सुकाणू फिरवून वाट मोकळी करायची. ऐकायला वेड्यासारखं वाटतं, पण वजनाच्या बाजूने बघा. ट्यूब गेली, तिची दारं आणि हवेच्या बाटल्या गेल्या, आणि भार पाण्याला सर्वात जवळ, मध्यरेषेवर आला. नेम धरायला वेगळं यंत्र लागत नाही, बोटच शत्रूकडे रोखायची.

यातला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे, कारण डिझायनरने ज्याचा विचार करायचा तेच त्यात घडलं. १७ जून १९१९ ला ब्रिटिश लेफ्टनंट ऑगस्टस एगर क्रोनश्टाट या रशियन नौदलाच्या तळाजवळ सीएमबी-४ घेऊन रशियन क्रूझर 'ओलेग'वर निघाला. विनाशिकांच्या पहाऱ्यापाशी पोचत असताना दांड्याचं काडतूस अवेळी उडालं. टॉर्पेडो पन्हळीतल्या अडसरांनी धरून ठेवला म्हणून तो तिथेच राहिला. मग शत्रूच्या जहाजांजवळ, अंधारात, डुलणाऱ्या बोटीवर रिकामं काडतूस काढून नवं भरण्यात वीसएक मिनिटं गेली. त्यानंतर त्यांनी हल्ला केला आणि 'ओलेग' बुडाली. एगरला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ती बोट आजही ब्रिटनमध्ये जपून ठेवलेली आहे. माझ्या नजरेला यात दोन गोष्टी भरतात. अडसर मजबूत होते, आणि काडतुसाची जागा ओल्या, गारठलेल्या हातांना अंधारात पोचता येईल अशी होती. सातशे किलोचा अडसर आणि हाताची पोच या दोन्ही गोष्टी आराखड्यावर कुणीतरी काढून ठेवल्या होत्या. तुमच्या आराखड्यात त्या जागा मला दिसल्या नाहीत.

मागची पन्हळ घेतलीत तर तोल जपा. टॉर्पेडोचं मध्य बोटीच्या गुरुत्वमध्यापासून अडीच मीटर मागे आहे असं धरू. तो सुटला की उरलेल्या ३,६०० किलोंचा गुरुत्वमध्य जवळजवळ अर्धा मीटर पुढे सरकतो. बारा मीटरच्या, पायरीवर तोललेल्या बोटीत अर्धा मीटर फार होतो. बोट एकदम हलकी होते, वेग वाढतो, आणि नाक खाली यायला बघतं, नेमकं त्याच क्षणी सुकाणू पूर्ण फिरवलेलं असतं. म्हणून पायरी टॉर्पेडो असतानाच्या तोलावर काढायची नाही, नसतानाच्याही काढायची नाही. दोन्ही स्थितींचे गुरुत्वमध्य कागदावर मांडा, पायरी त्यांच्या पुढे येईल अशी ठेवा, आणि मागचा तळ एवढा रुंद ठेवा की भार पुढे सरकल्यावरही तो बोटीला धरून राहील. आता रुंदीचा प्रश्न सुटतो: २.६ मीटर. याहून अरुंद केली तर वळताना बोट आत झुकते आणि मागे पन्हळीच्या दोन्ही बाजूंना बांधणी करायला जागा उरत नाही. याहून रुंद केली तर लाटेवर आपटून फळ्या सैल होतात.

दोन टॉर्पेडो हवेतच असतील तर इटालियन वाट घ्या. व्हेनिसच्या स्वान यार्डात बांधलेल्या 'मास' नावाच्या इटालियन टॉर्पेडो बोटी १६ मीटरच्या, सोळा टनांच्या आसपास, दोन पेट्रोल इंजिनं, वेग पंचवीस नॉटच्या आत. दोन्ही बाजूंना चिमट्यांत धरलेले ४५ सेंटिमीटरचे दोन टॉर्पेडो, ते वेग कमी करून सोडायचे. इंग्रजांच्या बोटीपुढे ही मंदच. पण डिसेंबर १९१७ मध्ये लुइजी रिझोने ट्रिएस्टच्या बंदराचे अडथळे कापून आत शिरून 'वीन' ही ऑस्ट्रियाची युद्धनौका बुडवली, आणि १० जून १९१८ च्या पहाटे प्रेमुदाजवळ मास-१५ घेऊन ऑस्ट्रियाची 'सेंट इश्टवान' ही मोठी युद्धनौका बुडवली. काही मास बोटींत हळू आणि आवाज न करता जवळ जाण्यासाठी विजेच्या मोटरी होत्या. ॲड्रियाटिकसारख्या अरुंद समुद्रात गुपचूप जवळ जाता येणं हे वेगापेक्षा जास्त उपयोगी पडलं. पण सोळा टन क्रूझरच्या डेव्हिटांवर बसत नाहीत. या बोटी ओढून नेत.

तुमची तोफ काढून टाका. ती, तिचा पाया, गोळे आणि चालवणारा माणूस मिळून तीनशे किलो सहज जातात, आणि पाच टनांच्या उड्या मारणाऱ्या बोटीवरून नेम लागत नाही. लुईस पुरे. ऑगस्ट १९१८ मध्ये हार्विच दलाबरोबर गेलेल्या सहा बोटींना जर्मन विमानांनी दिवसाउजेडी गाठलं आणि त्यातली एकही परतली नाही, हे खरं. पण लहान तोफ असती तरी त्या दिवशी फरक पडला नसता. या बोटीचं संरक्षण म्हणजे रात्र. चिलखताचा तर विषयच नको. पेट्रोलची मात्र काळजी घ्या: टाक्यांचा कप्पा वेगळा, त्याला हवा खेळती, आणि इंजिनाच्या जागेतली पेट्रोलची वाफ तळाशी साचणार नाही अशी बाहेर ओढण्याची सोय. डेक गोलसर ठेवा. वर चढलेलं पाणी लगेच उतरतं आणि त्याच वजनात ताकदही येते.

तर तुमच्या हातात दोन बोटी आहेत. १९०८ आणि वाफ दोन्ही हवी असतील तर १८ मीटरची, तेरा टनांची, सोळा नॉटची बोट काढा. दोन्ही बाजूंना १४ इंची टॉर्पेडो टांगा, त्यांचं वजन १८ इंचीच्या निम्म्याहूनही कमी असतं. नेणारं जहाज मोठं करा आणि खेळात तिला फक्त काळोखात किंवा बंदरात हल्ला करू द्या. ही बोट खरी वाटेल, कारण अशा बोटी होत्या. १२ मीटर आणि ३० नॉट यांच्यावर मन बसलं असेल तर साल पुढे न्या, पेट्रोल घ्या, एक टॉर्पेडो घ्या, मागे पन्हळ काढा. एप्रिल १९१७ मध्ये बेल्जियमच्या किनाऱ्यावर झीब्रुगजवळ अशाच चार बोटींनी जी-८८ ही जर्मन विनाशिका बुडवली, त्यामुळे तुमच्या खेळाडूंना हातात काय आहे ते कळेल. मला विचाराल तर मी दुसरी निवडेन.

कुठलीही निवडलीत तरी आधी वजनाचा तक्ता बनवा. एका ओळीत एक वस्तू, तिचं वजन, मध्यापासूनचं अंतर, तळापासूनची उंची, आणि शेवटी राखीव दहा टक्के. टॉर्पेडो असताना आणि नसताना अशा दोन बेरजा करा. तो तक्ता आणि कुठला समुद्र ते इथे टाका, म्हणजे पायरीची जागा आणि पंख्याचा व्यास आपण आकड्यांवरून काढू.